साबुदाण्याच्या गावाला: सेलममधले पाच दिवस

गेल्या आषाढी एकादशीला आमच्या मावशीने साबुदाणा सोडला. साठ वर्षं उपास करणारी बाई, वाटीभर खिचडीवर दिवस काढणारी. कुणीतरी तिला फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. कुठल्याशा गढूळ हौदात माणसं उतरलीत, पायाने काहीतरी तुडवतायत, आणि खाली लिहिलंय की हाच तुमचा साबुदाणा, यात किडे असतात, उपासाला खाऊ नका. मावशीने डबाच रिकामा केला. वर मला म्हणाली, "तू एवढी खाण्यावर लिहितेस ना, मग हा येतो कुठून ते तरी सांग."

मला सांगता येईना. खिचडी मोकळी कशी करायची, दाण्याचं कूट किती घालायचं, वडे तेलात का फुटतात, यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण तो दाणा कोणत्या मातीतून येतो हे मी पुस्तकातच वाचलं होतं, आणि तेही वरवर. तमिळनाडूतला सेलम जिल्हा, एवढंच ठाऊक. ओळखीतल्या एका मुलीचं माहेर नेमकं सेलमचं निघालं. तिच्या आईवडिलांनी "या की" म्हटलं, आणि पोंगल होऊन आठवडा झाल्यावर मी निघाले. जानेवारी मुद्दाम निवडला, कारण ज्याच्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओकाचा (कसावाचा) कंद काढायचा आणि कारखाने चालायचा हा भर हंगाम.

पहिला दिवस: गाडीत

कुर्ल्याहून कोइमतूरला जाणारी गाडी पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. मग सोलापूर, पुढे कर्नाटक, आंध्र, परत कर्नाटक असं करत ती दुसरी रात्र संपता संपता सेलमला पोचवते. म्हणजे मधला अख्खा दिवस खिडकीशी.

समोरच्या बाकावर डोंबिवलीत पस्तीस वर्षं राहिलेले एक तमिळ आजोबा होते, मराठी अगदी घरच्यासारखं बोलणारे. मी कशाला चाललेय ते ऐकून त्यांना फार गंमत वाटली. म्हणाले, "आमच्याकडे साबुदाण्याला काय म्हणतात माहितीय? जव्वरिसी. अरिसी म्हणजे तांदूळ. जावा अरिसी, जावाचा तांदूळ!" मी वही काढली.

कारण या एका शब्दात अर्धा इतिहास आहे. मूळचा साबुदाणा या कंदाचा नव्हेच. तो आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातून निघायचा. मलय भाषेत त्याला सागू म्हणतात. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. फुलण्याच्या आधी, दहा-पंधरा वर्षं साठवलेलं सगळं सत्त्व खोडात असतं तेव्हाच ते तोडायचं, आतला गर किसून पाण्यात धुवायचा आणि खाली बसलेलं पीठ वाळवायचं. एका खोडातून दीडशे ते तीनशे किलो पीठ मिळतं. त्याचे गोल दाणे मलाया, सिंगापूर, जावा या भागांतून जहाजाने जगभर जायचे, तसे आपल्याकडेही आले. सागूचा साबू झाला, पुढे दाणा जोडला गेला. धान्य नाही, पचायला हलकं, म्हणून आजाऱ्याच्या पेजेत आणि उपासाच्या ताटात त्याला जागा मिळाली.

आज आपण खातो तो दाणा मात्र दुसऱ्याच झाडाचा. नाव जुन्या झाडाचं राहिलं आणि आतला माल बदलला, तोही मावशीच्या जन्माच्या जेमतेम काही वर्षं आधी. कसा, ते पुढे येईलच.

आजोबा झोपले. गुंतकलच्या पुढे काळी माती संपून तांबडी लागली.

दुसरा दिवस: वाळप्पाडीचं शेत

पहाटे उतरले तर चक्क थंडी. सेलमच्या उत्तरेला येरकाडचे डोंगर आहेत, त्यांची काळी रेघ स्टेशनातून बाहेर येतानाच दिसते. यजमानांकडे अंघोळ आणि इडली झाली आणि त्यांच्या धाकट्या मुलीला दुभाषी म्हणून घेऊन आत्तूरच्या रस्त्याला लागलो. ती कॉलेजात शिकते, इंग्रजी छान बोलते. दिवसभर मला अक्का म्हणत होती.

वाळप्पाडी यायच्या आधीपासूनच दोन्ही बाजूंना हे पीक दिसायला लागतं. माणसाहून उंच काड्या, वर हाताच्या पंजासारखी पानं. लांबून एरंडाची आठवण होते, आणि ते चूक नाही, दोघं एकाच कुळातली. तमिळमध्ये याला मरवळ्ळि किळंगु म्हणतात. या भागात बोलताना कुच्ची किळंगु, काडीचा कंद. नाव अगदी नेमकं आहे, कारण याला बी लावत नाहीत. जुन्या पिकाच्या काड्या वीतभर तोडायच्या आणि मातीत उभ्या रोवायच्या. आठ-दहा महिन्यांनी कंद तयार.

ज्या शेतात गेलो तिथे काढणी चालू होती. आधी काड्या बुडापासून हातभर ठेवून तोडतात. मग त्या बुंध्याला धरून हलवत हलवत वर ओढतात. एक बाई ओढत होती आणि दुसरी कुदळीने माती सैल करत होती. एका झटक्यात सगळं वर आलं: बोटं पसरल्यासारखे सहा-सात कंद, प्रत्येक मनगटाएवढा जाड आणि हातभर लांब, तांबड्या मातीने माखलेले.

शेतकरी आजोबांनी एक कंद उचलला आणि कोयत्याने माझ्यासमोर सोलला. वरची साल तपकिरी, कागदासारखी पातळ, नखाने निघते. तिच्याखाली गुलाबीसर जाड साल, ती कोयता घालून गोल फिरवली की सलग पट्टीसारखी सुटते. आणि आत खडूसारखा पांढरा गाभा. मधोमध एक दोरा असतो, वातीसारखा. कापल्याजागी लगेच चिकट दूध येतं. मी बोट लावून चाखायला गेले तर आजोबांनी हात धरला. "पच्चैया वेंडाम." कच्चा नको.

या झाडात एक विष असतं. लिनामारिन नावाचं द्रव्य पेशींमध्ये साठलेलं असतं, आणि कंद चिरडला, चावला की त्यातून सायनाइड सुटतं. पानात ते कंदापेक्षा जास्त. आजोबा म्हणाले, शेळ्या सुटून या शेतात शिरल्या तर आम्ही धावतो, पीक वाचवायला नव्हे, शेळ्या वाचवायला. गोड जातीत विष कमी, ते सोलून आणि उकळून निघून जातं. साबुदाण्यात तर कंद इतक्या पाण्यातून आणि इतक्या उष्णतेतून जातो की काळजीचं कारण उरत नाही. ज्यांनी हे झाड पहिल्यांदा माणसाळवलं त्या दक्षिण अमेरिकेतल्या लोकांनी किसायचं, पिळायचं, भाजायचं हे सगळं हजारो वर्षांपूर्वी शोधून ठेवलं होतं. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काड्या आणल्या, पण त्या काड्यांसोबत आलेलं हे ज्ञान त्या लोकांचं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

दुपारी आजोबांच्या घरी तोच कंद उकडून खाल्ला. तुकडे करून, मीठ-हळद घालून उकडलेला, वर मोहरी-लाल मिरचीची फोडणी आणि ओलं खोबरं. रताळ्यासारखा गोड नाही, बटाट्यापेक्षा घट्ट. तोंडात आधी पिठूळ लागतो आणि मग थोडा चिकट होतो. तो चिकटपणा ओळखीचा होता. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

केरळात हाच कंद कप्पा म्हणून रोजच्या जेवणात असतो. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी 1880 ते 1885 या आपल्या कारकिर्दीत तो प्रजेने लावावा म्हणून फार खटपट केली. तांदळाची टंचाई आली तर गरिबाच्या पोटाला आधार हवा, हा त्यांचा विचार. पुढे 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथला तांदूळ बंद झाला, तेव्हा कप्प्याने खरोखरच लोक जगवले.

निघताना आजोबांनी मला हातभर लांबीची एक काडी दिली, चांगले फुगीर डोळे असलेली. "घरी लाव. दहा महिन्यांनी फोन कर." मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवली. बाल्कनीतली कुंडीही मनात ठरवून टाकली.

तिसरा दिवस: कारखाना

हा दिवस मला पूर्ण सांगायचा आहे, कारण मावशीला उत्तर याच दिवसात आहे.

यजमानांच्या ओळखीच्या एका कारखान्यात पहाटे साडेपाचला पोचलो. तिथे त्याला सेगो फॅक्टरी म्हणतात. बाहेर कंदांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर उभे. काढल्यापासून एक-दोन दिवसांत कंद आतून निळसर काळा पडायला लागतो, म्हणून इथे सगळी घाई पहिल्या टप्प्यात. आधी प्रत्येक गाडीतला नमुना घेतात, हवेत वजन करतात आणि मग पाण्यात बुडवून वजन करतात. सत्त्व, म्हणजे स्टार्च, जितकं जास्त तितका कंद जड, त्यावरून 'पॉइंट' ठरतो आणि पॉइंटवर भाव. त्या काट्याशी शेतकरी आणि मुकादम यांची बोलाचाली चालली होती, आवाज चढलेले. कालचे आजोबाही हेच म्हणाले होते: वर्षभराची मेहनत त्या काट्याच्या सुईवर.

आत गेल्यावर साल काढणाऱ्या बायकांची रांग. मशीनही आहे, पण उरलेली साल हातानेच काढावी लागते. साल राहिली तर दाणा मळकट येतो. मग धुणं, मग किसणी. किसणी म्हणजे दातेरी पत्र्याचा फिरता पिंप, वरून सतत पाणी. खाली पडतं ते दाट दुधासारखं. खरंच दूध वाटतं, फेसही तसाच. हे दूध हलत्या चाळण्यांवरून जातं, एकाहून एक बारीक. चोथा वर राहतो. त्याला इथे तिप्पि म्हणतात, वाळवून जनावरांना घालतात.

गाळलेलं दूध मोठ्या, उथळ, फरशी लावलेल्या हौदांत सोडतात आणि काही तास हलवत नाहीत. सत्त्व खाली बसतं, वर पिवळट पाणी राहतं. ते पाणी सोडून दिलं की खाली वीतभर जाडीची पांढरी वडी. मी काठावर बसून तिला हात लावला. बोट रुतत नाही, ठोकलं तर चुन्याच्या भिंतीसारखी वाजते. पण मूठभर उचलून तळहातावर ठेवली की दोन क्षणांत वितळल्यासारखी ओघळायला लागते. दाबली की परत घट्ट. मी पाच मिनिटं हेच करत होते, आणि कामगार कौतुकाने बघत होते.

आणि मग दोन माणसं फावडी घेऊन हौदात उतरली.

मावशीच्या व्हिडिओत होतं ते हेच. वडी फावड्याने कापून वर काढायला माणसाला हौदात उतरावं लागतं. उतरण्याआधी त्यांनी नळीच्या पाण्याने पाय धुतले, हे मी पाहिलं. तुडवत कुणीही नव्हतं, तुडवायचं कारणच नाही. वडीचा वरचा पिवळसर थर खरवडून वेगळा काढतात, तो हलक्या स्टार्चला जातो. किडे नाहीत. कारखान्यामागे सांडपाण्याचं तळं आहे, तिथे मात्र वास श्वास घेववत नाही इतका उग्र, आणि त्यावर माश्या आहेत. पूर्वी असं पाणी ओढ्यांत सोडलं जायचं आणि त्यावरून गावांनी फार तक्रारी केल्या. आता पुष्कळ कारखान्यांसारखीच इथेही त्या पाण्यापासून गॅस करायची टाकी आहे आणि तो गॅस भट्टीला वापरतात. त्या तळ्याचं चित्रण करून खाली 'साबुदाणा' लिहिलं तर कुणाचाही घास अडकेल. एका कारखान्यात जे पाहिलं ते मी लिहितेय, सगळ्यांची हमी मी कशी देणार? पण प्रक्रिया सगळीकडे हीच आहे, आणि तिच्यात मांसाहारी असं काही नाही.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडला. वडी फोडून ओलसर भरड करतात आणि ती एका कापडी झोळीत घालतात. झोळी मशीनने मागेपुढे हलते, बाळाच्या झोळीसारखी. आत काही मिसळत नाहीत, साचा नाही, छिद्रांतून दाबणं नाही. ओला कण ओल्या कणाला चिकटतो, घरंगळतो, वाढतो. दहा मिनिटांत पिठाचे दाणे होतात. पूर्वी हेच दोन बायका हाताने झोळी धरून करायच्या. मग चाळणी: बारीक खाली, मोठे वर, फार मोठे परत फोडायला.

हा दाणा अजून कच्चा असतो, चिमटीत धरला तर पीठ होतो. आता भट्टी. लांबलचक तापलेले तवे, त्यांच्यावरून तेलाचं फडकं फिरवलेलं. दाणे त्यावर पडतात आणि उलथन्यांनी सतत हलवले जातात. साधारण साठ-सत्तर अंशांच्या पुढे स्टार्चचे कण ओल धरून फुगतात आणि त्याची खळ होते. इथे ती खळ फक्त वरच्या थरात होते. बाहेर पातळ कवच, आत अजूनही कच्चं पीठ. भिजवलेल्या साबुदाण्याच्या मध्ये जो पांढरा ठिपका राहतो, आणि ज्याला आपण "अजून भिजला नाही" म्हणतो, तो हाच. इतकी वर्षं मी तो ठिपका बोटाने दाबून पाहतेय. त्याचं कारण मला या तव्याशी उभं राहून कळलं.

दुसरा प्रकार वाफेवरचा. दाणे ताटांत पसरून वाफेच्या खोलीतून जातात, त्यामुळे ते अधिक आतपर्यंत शिजतात, वाळल्यावर काचेसारखे दिसतात. तो आपला नायलॉन साबुदाणा, तळून चिवड्यात घालतो तो. नायलॉनशी त्याचा काही संबंध नाही, चकाकीमुळे पडलेलं नाव.

शेवटी उन्हात. कारखान्यामागे क्रिकेटच्या मैदानाएवढं सिमेंटचं खळं, त्यावर दाणे पसरलेले, आणि बायका अनवाणी, लाकडी फावडी ओढत त्यांत रेघा पाडत चाललेल्या. डोक्यावर ऊन, खालून सिमेंटची आणि दाण्यांची पांढरी झळ. अर्ध्या तासात माझे डोळे चुरचुरले. त्या दिवसभर तिथे असतात. एकीने विचारलं, तुमच्याकडे एवढ्या साबुदाण्याचं करता काय? मी म्हटलं, उपासाला खातो. ती म्हणाली, "उपासाला तर काही खात नाहीत ना?" सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर मनाशी उत्तर जुळवत बसले, ते काही नीट जुळलं नाही.

जेवणानंतर कारखान्याच्या मालकांशी बोलले. सेलमच्या धंद्याची जी गोष्ट इथे सगळे सांगतात ती त्यांनीही सांगितली. दुसऱ्या महायुद्धात मलाया आणि सिंगापूर पडलं, जहाजं बंद झाली, साबुदाणा यायचा थांबला. सेलमचे एक मासळीचे व्यापारी माणिकम चेट्टियार धंद्यासाठी केरळात जायचे. तिथे त्यांना पेनांगहून आलेले पोपटलाल शहा भेटले. शहांना मलायात साबुदाणा कसा करतात ते ठाऊक होतं. ताड नव्हता, पण हा कंद होता. 1943 च्या सुमाराला दोघांनी सेलममध्ये हाताने, घरगुती पद्धतीने दाणा करायला सुरुवात केली. एक तमिळ, एक गुजराती, कृती मलायाची, झाड ब्राझीलचं, आणि गिऱ्हाईक आपण.

मग मी पांढरेपणाबद्दल विचारलं. त्यांनी दोन मुठी समोर ठेवल्या. एक दाणा किंचित मळकट, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. दुसरा खडीसाखरेसारखा शुभ्र. "हा पहिला, याला आम्ही काही केलेलं नाही. हा आमच्या घरी पायसमला, खिरीला. पण तुमच्याकडचा व्यापारी हा बघतो आणि म्हणतो, जुना माल." दाणा शुभ्र दिसावा म्हणून या धंद्यात काही जण रसायनं वापरतात, मक्याचा स्टार्च मिसळतात, हे इथे कुणी लपवत नाही. छापे पडतात, माल जप्त होतो. पण मला लागलं ते वेगळं. पांढराशुभ्र मागतो कोण? महाराष्ट्र हे साबुदाण्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. दुकानात दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर मीही आजवर पांढरीच उचलली आहे. आपण पावित्र्यासाठी उपास करतो आणि त्याच हाताने चकाकी निवडतो. हौदात उतरलेल्या माणसाच्या पायांची जेवढी चर्चा आपण करतो, त्याच्या निम्मी जरी या रंगाची केली असती तर बरं झालं असतं.

चौथा दिवस: लिलाव आणि एक गांधीलमाशी

सकाळी जागीर अम्मापाळयमला सेगोसर्व्हमध्ये. स्टार्च आणि साबुदाणा करणाऱ्या कारखानदारांची ही सहकारी संस्था, 1981 साली स्थापन झालेली. त्याआधी छोट्या कारखान्यांना कर्ज, गोदाम, भाव सगळ्यासाठी दलालांच्या तोंडाकडे बघावं लागे. इथे माल नव्वद किलोच्या पोत्यांत येतो, प्रयोगशाळेत तपासला जातो आणि मग व्यापारी बोली लावतात. 2023 मध्ये 'सेलम जव्वरिसी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. नमुन्याच्या ताटल्यांवर वाकून दाणे चोळणारे, दाताखाली फोडून बघणारे व्यापारी बघताना मला आमच्या भुसार पेठेचीच आठवण झाली.

दुपारी पुन्हा पूर्वेला, येत्तापूरला. तिथे कृषी विद्यापीठाचं टॅपिओका आणि एरंड संशोधन केंद्र आहे. एका शास्त्रज्ञ बाईंनी शेतातून फिरवलं. 2020 मध्ये केरळात या पिकावर एक नवा पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारा बारीक किडा, सापडला आणि बघता बघता इकडे पसरला. शेंडे गुंडाळले जायचे, झाड खुरटायचं, शेतकऱ्यांचं फार नुकसान झालं. हाच ढेकूण सत्तरच्या दशकात आफ्रिकेत शिरला होता आणि तिथे कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न धोक्यात आलं होतं. तेव्हा उत्तर सापडलं ते पराग्वेत: अ‍ॅनागायरस लोपेझी नावाची, तिळाहून बारीक गांधीलमाशी. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते आणि अळी त्याला आतून संपवते. या कामासाठी हान्स हेरेन यांना 1995 चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. तीच माशी आफ्रिकेतल्या बेनिनहून आपल्याकडे आणली, वाढवली आणि 2022 मध्ये या येत्तापूरहूनच सोडायला सुरुवात केली. झाड दक्षिण अमेरिकेचं, त्याचा शत्रू तिकडचा, आणि शत्रूचा शत्रूही तिकडचाच. बाईंनी पान उलटं करून एक वाळलेला, फुगलेला, तपकिरी ढेकूण दाखवला. त्याला टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक होतं. माशी बाहेर पडल्याची खूण.

मग त्यांनी दुसरं पान दाखवलं. पिवळे-हिरवे डाग, कडा वाकड्या. मोझॅक. हा विषाणू पांढऱ्या माशीमुळे पसरतो, पण त्याहून जास्त माणसांमुळे. "रोगट झाडाच्या काड्या लोक लावतात, पाहुण्यांना देतात, एका जिल्ह्यातून दुसऱ्यात नेतात. काडी वरून निरोगी दिसते."

मी माझ्या पिशवीबद्दल काही बोलले नाही.

पाचवा दिवस: सेलम

संध्याकाळची गाडी. सकाळी यजमानीण बाईंच्या स्वयंपाकघरात मी खिचडी करायचं ठरवलं होतं. कारखान्यातला तो मळकट दाणा रात्री दोनदा धुऊन, पाणी निथळून, वर बोटाच्या पेराएवढंही नाही इतकं पाणी ठेवून झाकला होता. कूट मी घरून नेलं होतं. तूप, जिरं, हिरवी मिरची, बटाटा. फोडणी चालू असताना मी मोजत होते: शेंगदाणा, मिरची, बटाटा आणि साबुदाणा, चारही अमेरिकेहून आलेले. तूप तेवढं आपलं.

दाणे मोकळे झाले, किंचित पिवळसर, जरासे जास्त चिवट. खरं सांगू का, चवीला दुकानातल्यापेक्षा चांगले. त्यांना कंदाची बारीकशी चव होती. यजमानीण बाईंनी पहिला घास घेतला आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. जव्वरिसी म्हणजे त्यांच्याकडे पायसम, नाहीतर उन्हाळ्यातले वडम. तिखट आणि कोरडी जव्वरिसी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. मग म्हणाल्या, "हे वडमच्या पिठासारखं लागतं, पण वाळवायच्या आधीच खाल्लेलं." त्यांनी वडमची कृती सांगितली: जव्वरिसी काचेसारखी होईपर्यंत शिजवायची, त्यात मिरची वाटून, मीठ, हिंग, आणि गच्चीवर धुतलेल्या कापडावर चमच्याने घालायची. मी म्हटलं, ह्या तर आमच्या साबुदाण्याच्या पापड्या. त्यांनी कापड कोणतं घेता विचारलं. जुनी सुती साडी, मी म्हटलं. त्यांच्याकडे जुनं वेष्टी. धोतरच ते.

दुपारी मावशीला फोन केला. हौद, झोळी, तवा, खळं सगळं सांगितलं, पाय धुतल्याचंही. ती बराच वेळ ऐकत होती. मग विचारलं, "त्या खळ्यावरच्या बायका अनवाणी का गं? भाजत नाही त्यांना?" मी म्हटलं, भाजतं. दाण्यात घाण जाऊ नये म्हणून चपला काढतात. ती म्हणाली, "दोन किलो घेऊन ये. तो मळकटच आण."

सामान भरताना ओल्या फडक्यातली काडी हाताला लागली. तीन दिवसांत एका डोळ्यातून हिरवा टोचा बाहेर आला होता, तांदळाएवढा. पान उमललेलं नव्हतं, त्यामुळे डाग आहेत की नाहीत हे सांगायची सोय नव्हती. यजमानांच्या धाकटीला मी येत्तापूरच्या बाईंचं बोलणं परत एकदा विचारलं, तिने तेच सांगितलं. मग मागच्या अंगणात, जिथे त्यांचं स्वतःचं कुच्ची किळंगु लावलेलं आहे तिथेही नको, म्हणून बंबाच्या चुलीशी गेले आणि काडी जाळात घातली. ओली होती, पेटायला वेळ लागला. आजोबांना दहा महिन्यांनी फोन करायचा आहे. काय झालं ते त्यांना तेव्हा सांगणार आहे.